हिरोनाकाचं गाणं

तेरा वर्षं हिरोनाका एकाच फुटबॉल क्लबाकडून खेळला. उजव्या बाजूचा बचावपटू. बंदराच्या त्या जपानी गावात बाकी सगळ्यांच्या नावाची गाणी होती. मैदानात पाऊल टाकलं की गोलमागच्या स्टँडात ढोल वाजायचे आणि हजारभर लोक त्या खेळाडूचं गाणं म्हणायचे. हिरोनाकासाठी नुसत्या तीन टाळ्या. निवृत्तीआधी एकदा तरी आपलं गाणं ऐकायला मिळावं, एवढीच त्याची इच्छा. पण मागायचं कसं? मागून गाणं घेतलं, तर त्याला काय अर्थ.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी समर्थकांचा म्होरक्या ओगुशी सरावाला आला.

"हिरोनाकासान, तुमचं गाणं तयार झालं बघा."

ओगुशीने एक कागद पुढे केला. हिरोनाकाने तो उघडला. 'सोनेरी केस उडवत धाव, गोल कर, हिरोनाका.' त्याच्या डोक्यावर केस असे उरलेच नव्हते आणि तेरा वर्षांत गोल दोन, त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात.

"हे तोकिवाचं आहे," तो म्हणाला.

"होतं. तोकिवा गेला की बेल्जियमला. पोरांना चाल पाठ आहे, ढोलवाल्यांना नव्याने शिकवायला नको."

"माझे केस कुठायत?"

"अहो, लोक हसतील, मजा येईल. तेरा वर्षं गप्प बसलात, आता कुरकुर कशाला?"

तोकिवा. दीड हंगाम खेळला, त्यातला अर्धा आरशासमोर. पण क्लबच्या दुकानात त्याच्या नावाचा टॉवेल उरत नसे. हिरोनाकाला त्याचा राग कधी आला नव्हता. आज ओगुशीचा आला, त्याहून जास्त स्वतःचा, कारण त्याने कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि वाकून आभार मानले. तेरा वर्षांची खोड, दुसरं काय.

सामना संपला, क्लब हरला. रीतीप्रमाणे संघ स्टँडसमोर वाकून उभा राहिला. मग हिरोनाकाला एकट्याला पुढे ढकललं. ढोल सुरू झाले. पहिल्या फेरीला नाव बरोबर आलं. दुसऱ्या फेरीला अर्ध्या स्टँडाच्या तोंडून सवयीने 'तोकिवा' गेलं. कुणी थांबलं नाही. काहीजण हसले आणि तसंच रेटत राहिले. पुढच्या रांगेत ओगुशी डोळे मिटून ढोल बडवत होता.

आता वाकायचं होतं. हिरोनाकाने पाठ ताठ केली, वळला आणि चालू लागला. तेरा वर्षांत पहिल्यांदा तो वाकला नाही.

स्टँडात टाळ्यांचा पूर आला. लाउडस्पीकरवर निवेदक म्हणाला, "पाहा, हिरोनाकासानना अश्रू आवरेनात."

खेळाडूंच्या बोगद्याच्या तोंडाशी बायको चिहारु पुष्पगुच्छ घेऊन उभी होती. तिने त्याचा चेहरा पाहिला.

"रडलास?"

"नाही," हिरोनाका म्हणाला. "शिसारी आली."