बारक्याचा कॅमेरा आणि आमचा स्विच

बायको गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, मी आणि सासूबाई. हे ऐकून लोक जरा थबकतात. सासू आणि सून म्हटलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. पण जावई आणि सासू एका घरात आणि मधलं माणूसच नाही, म्हटल्यावर पुढे काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. सुरुवातीला आम्हालाही सुचत नव्हतं. मग एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही चहात साखर फार घालता. ती बोलत नव्हती, पण मी बोलणार." तिथून आमचं बरं चाललं.

अडचण आली ती बारक्याकडून. बारक्या म्हणजे माझा मेहुणा, सासूबाईंचा धाकटा मुलगा. लहानपणी काडीसारखा होता म्हणून हे नाव पडलं. आता पन्नाशी उलटली आहे आणि तो आमच्या सोफ्यावर बसला की शेजारचा माणूस आपोआप वर उचलला जातो, पण नाव तेच राहिलं. तो दुसऱ्या शहरात असतो. एका मोठ्या गोदामाचा मॅनेजर आहे.

झालं असं की, सासूबाई गॅसवर बटाटे उकडत ठेवून खालच्या मजल्यावर शेजारणीकडे पत्ते खेळायला गेल्या आणि डाव रंगला. भांड्याचा कोळसा झाला. ही गंमत त्यांनी स्वतःच बारक्याला फोनवर हसत हसत सांगितली. तो हसला नाही. पुढच्या रविवारी सकाळी तो कॅमेरा घेऊन दारात हजर झाला.

"स्वयंपाकघरात लावतो," तो म्हणाला. "महिनाभर माझ्या फोनवर बघणार. भाऊजी, तुम्ही दिवसभर कामावर, आई एकटी. सगळं ठीक दिसलं तर राहू दे तिला इथे. नाही तर मी घेऊन जाणार. मग कुणी मध्ये बोलायचं नाही."

"मी तुझ्या गोदामातली पेटी आहे का रे, नजर ठेवायला?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुझ्या भल्यासाठीच करतोय."

"माझं भलं मला विचारून करत जा."

तो पोटचा मुलगा. मी जावई, आणि जिच्यामुळे जावई झालो तीच आता नव्हती. मी कोणत्या तोंडाने बोलणार? पण सासूबाई गेल्या तर संध्याकाळी कामावरून येऊन मी कुलूप उघडणार आणि आत कुणीच नसणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा लख्ख दिसलं.

आता आमच्या स्विचबद्दल सांगायला हवं. मी एका दवाखान्यात कॉम्प्युटरच्या नेटवर्कचं काम बघतो. तिथून मोडीत निघालेला एक छोटा स्विच मी घरी आणला होता. चपलांच्या कपाटावर एक डबा असतो, त्याला एका रांगेत भोकं असतात, आणि घरातल्या प्रत्येक यंत्राची इंटरनेटची वायर त्यातल्या एकेका भोकात जाते, एवढंच. वायफाय मी घरात ठेवलेलं नाही. ज्याची वायर दिसत नाही त्याचा मला भरवसा वाटत नाही.

मध्यंतरी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने जिन्यातून आमच्या स्विचला हळूच आपली वायर जोडून घेतली होती आणि कित्येक दिवस आमच्या जिवावर सिनेमे बघत होता. तेव्हा मी दवाखान्यात लावतो तीच शिस्त घरी लावली. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक नंबर मिळालेला असतो. ज्या भोकात जे यंत्र पहिल्यांदा लावलं त्याचा नंबर स्विच पाठ करतो. नंतर तिथे दुसरं काहीही लावलं की ते भोक बंद. मूळ यंत्र परत आणून लावलं तरी उघडत नाही, माणसानेच उघडावं लागतं. बायको म्हणायची, "हा स्विच नाही, माझी आत्या आहे. एकदा तोंड फिरवलं की फिरवलं."

बारक्याने कॅमेरा भिंतीवर ठोकला आणि वायर घेऊन चपलांच्या कपाटापाशी आला. "भाऊजी, ताईची वायर काढतो. तिचा कॉम्प्युटर आता कोण लावतंय?"

उत्तराची वाट न बघता त्याने वायर उपटली आणि कॅमेऱ्याची खुपसली. दिवा क्षणभर हिरवा झाला, मग विझला.

"हे काय?"

"ते भोक तिच्या कॉम्प्युटरला ओळखतं," मी म्हणालो. "दुसऱ्याला घेत नाही."

"मग सांगा ना त्याला घ्यायला."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "नका सांगू," त्या म्हणाल्या. "ते तिचं आहे. राहू दे तिचं."

बारक्याही जरा ओशाळला. पण हट्टी माणूस. "बरं, टीव्हीच्या भोकात लावून बघतो," म्हणाला. मी त्याला थांबवायला हवं होतं, पण त्याने मला विचारलंच नव्हतं. टीव्हीचं भोक बंद पडलं. मग त्याने घरच्या फोनचं बघितलं, तोही आमच्याकडे इंटरनेटवरच चालतो. तेही गेलं. मग माझ्या कॉम्प्युटरचं. गोदामात दिवसभर लोक त्याचं ऐकतात, त्यामुळे एखादी वस्तू ऐकत नाही हे त्याच्या पचनीच पडत नव्हतं. शेवटी सगळे दिवे विझले आणि बारक्या हातात वायर धरून, घामाघूम होऊन, चपलांच्या ढिगात बसला.

"झालं समाधान?" सासूबाईंनी विचारलं. "आता माझी दुपारची मालिका कोण दाखवणार? तू नाचून दाखवणार आहेस का?"

"भाऊजी, उघडा ना ते."

"उघडू नका," सासूबाई म्हणाल्या. "आधी जेवा."

जेवताना टीव्ही नाही, फोन नाही. अशा शांततेत सासूबाई कुणालाही सोडत नाहीत. बारक्याची बायको बदलीच्या गावी नोकरी करते, जमेल तेव्हा सुट्टीला येते. मुलं शिकायला बाहेर. त्या चौकशी करत गेल्या आणि तो सांगत गेला. सकाळी काय खातोस? बिस्किटं. संध्याकाळी? येताना काहीतरी घेऊन येतो. भांडी कधी घासतोस? साठली की. घरी किती वाजता येतोस? ते काही ठरलेलं नाही.

"म्हणजे तुझ्याकडे आले तरी मी दिवसभर एकटीच," सासूबाई म्हणाल्या. "इथे निदान खाली पत्त्याला शेजारीण आहे आणि संध्याकाळी जावईबापू वेळेवर येतात. तिथे काय, भिंतीशी खेळू?"

बारक्याने आणखी एक पोळी ओढून घेतली.

"असं कर. कॅमेरा काढ आणि तुझ्या स्वयंपाकघरात लाव. महिनाभर मी बघते. कोण कुणाला सांभाळण्याच्या लायकीचं आहे ते मग ठरवू. तू जिंकलास तर मी बॅग भरते. मुकाट्याने येईन."

मी दचकून त्यांच्याकडे बघितलं. बारक्या मात्र हसायलाच लागला. आईला टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही, ती कॅमेरा काय बघणार, हे त्याच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं. "ठरलं," म्हणाला आणि कॅमेरा काढून घेऊन गेला.

तो गेल्यावर मी सगळी भोकं उघडली. "कुठे दाखवू तुम्हाला?" मी विचारलं. "माझ्या कॉम्प्युटरवर?"

"तिच्याच कॉम्प्युटरवर दाखवा," सासूबाई म्हणाल्या. "खुर्ची बरी आहे तिची."

मी वायर परत जागेवर लावली, धूळ पुसली, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. स्विचने ओळखलं. मी जरा वेळ तिथेच उभा होतो. सासूबाई म्हणाल्या, "बाजूला सरका, काही दिसत नाही."

मग त्या जोमात आल्या. माऊस हाताला बसायला वेळ लागला, पण चित्र मोठं कसं करायचं हे कळल्यावर बारक्याची धडगत राहिली नाही. दिसेल ते लगेच फोन लावून सुनवायच्या. "बारक्या, कालची कढई आज पण तिथेच आहे." "बारक्या, ते फडकं आहे की पायपुसणं?" "फ्रिज उघडून काय विचार करतोस? आत कुणी बसलंय का?" पत्ते खेळणारी शेजारीणही हळूहळू वर यायला लागली. दोघी खुर्च्या जोडून बसायच्या. आमच्या घरात इतकं हसू खूप दिवसांनी ऐकू आलं. गॅसकडे मात्र सासूबाई आता डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. भांडं चढवलं की स्टूल घेऊन तिथेच बसायच्या. "हरायचं नाही मला," म्हणायच्या.

एका सकाळी बारक्या नळ चालू ठेवून कामावर गेला. पाणी नसावं तेव्हा त्याने तो उघडून बघितला असेल. नंतर पाणी आलं. सासूबाईंनी बघितलं तेव्हा बेसिन भरून पाणी फरशीवर उतरलं होतं. त्यांनी त्याच्या मोबाईलवर फोन केला, तो उचलेना. मग त्यांनी थेट गोदामाच्या ऑफिसला लावला आणि उचलणाऱ्या बाईंना सांगितलं, "तुमच्या मॅनेजरला म्हणावं, आईने सांगितलंय, घरी जाऊन नळ बंद कर." त्या बाईंनी हे लाऊडस्पीकरवरून सांगितलं.

त्या संध्याकाळी बारक्याचा मला फोन आला. आवाज अगदी बारीक होता, नावाला शोभेलसा.

"भाऊजी, आई जवळ आहे का?"

"समोरच आहेत."

"मग नुसतं हो-नाही म्हणा. तुमच्यासारखा स्विच माझ्याकडे बसवता येईल का? म्हणजे कॅमेरा लावलेला दिसेल, पण चालणार नाही, असा."

"हो."

"कधी येता?"

"नाही."

"असं काय करता? गोदामातले हमाल मला बघितलं की नळ बंद केल्यासारखा हात करतात. भाऊजी, मी हरलो. आईला तिथेच राहू दे. ती इथे आली तर तिला कॅमेऱ्याचीही गरज लागणार नाही."

"हे त्यांनाच सांग," म्हणून मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि आवाजात काही कळू न देता म्हणाल्या, "बरं, राहते मी इथे. पण महिन्याची बोली आहे. महिना पुरा होऊ दे." आणि फोन ठेवला.

मी दोन ताटं वाढून कॉम्प्युटरपाशीच आणली. पडद्यावर बारक्याही जेवायला बसत होता. रागाने त्याने खुर्ची फिरवली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसला. आज त्याने ताट घेतलं होतं, बिस्किटाचा पुडा नव्हता.

सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि पुन्हा फोन लावला. पडद्यावर त्याने तो उचलला.

"पाठ दाखव, माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण पोक काढू नको. सरळ बस."