उसनी माती

बकुळेची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव ठेवलं केरू. बारशाला आत्यानं कानात सांगितलं ते शिवा. पण हाक मारायची ती केरूच, घरात आणि घराबाहेरही. केर कोण उचलून नेणार? मरणाला फसवायची भाट्याच्या वाडीतली ही जुनी युक्ती.

त्र्याऐंशी सालच्या पौषात सहा वर्षांचा केरू तापानं फणफणला. डॉक्टरची सुई झाली, गोळ्या झाल्या, ताप काही हटेना. नवरा खंडू होडीवर गेलेला. बकुळा एकटीच गावामागचा कातळाचा सडा चढून धाकूबाबांच्या समाधीवर गेली. तिथली चिमूटभर माती पदरात बांधून आणायची, आजाऱ्याच्या उशाखाली ठेवायची आणि चौथ्या दिवशी परत नेऊन टाकायची. माणूस उठो न उठो, बाबांची माती उसनीच.

समाधीची झाडलोट करणारी सावित्री म्हातारी म्हणाली, "पोराचा खरा नाव सांग. मोठ्यानं सांग, बाबांना ऐकू जाऊं दे."

बकुळेच्या मनात आलं, बाबा ऐकतील ते बरंच; पण सहा वर्षं जो दाराशी टपून बसलाय, तो काय बहिरा आहे?

"केरू," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पोर गेलं. बकुळेला धड रडताही येईना. बाबा बिचारे केरूला शोधत राहिले आणि शिवा इथं तापत पडला, एवढं एकच तिच्या डोक्यात घोळत होतं.

खंडूची होडी लागली तेव्हा सगळं आटोपलं होतं. सुतकात कुणी देवाच्या दारी जात नाही, पण ही माती परत करायला चुकायचं नसतं. चौथ्या दिवशी दोघं निघाली. चढणीवर तिच्यानं राहवेना.

"अहो, मी खोटा नाव सांगितला. मीच मारला त्याला."

खंडू वाटेतल्या कातळावर बसला. म्हणाला, "मी असतो तर मीपन तोच सांगितला असता." मग उठून त्यानं तिचा हात धरला. "आता कोणाला भ्यायचा? घे त्याचा खरा नाव. मोठ्यानं घे."

समाधीशी बकुळेनं पदराची गाठ सोडली, माती टाकली आणि तोंड उघडलं. सहा वर्षांत ते नाव तिनं एकदाही उच्चारलं नव्हतं. त्या नावाला ना तिच्या पोराचा चेहरा होता, ना त्याचं हसणं. ती 'शि'पर्यंत आली आणि अडली. मग तिनं हंबरडा फोडला, "केरू! अरे माज्या केरू!"

खंडूनंही तीच हाक मारली.