पंकातला तबला

मित्रांनो, मी तबला असलो तरी माझ्या अंगावर चामडं नाही, आणि मला कुणी कधी थाप मारलेली नाही. मी एक जुना इलेक्ट्रॉनिक तबला आहे. डबा म्हणालात तरी राग येणार नाही, सवय आहे.

तोंडवलीच्या जयराम बुवांनी मला घरच्या रियाजासाठी आणलं. बुवा डबलबारीचे भजनी. दोन मंडळं समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांची उणीदुणी काढतात, त्यातले. मृदंगवाला कधी रुसे, कधी लग्नाला जाई; मी मात्र बटण दाबलं की हजर. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळायची आणि मी फुशारून जायचो.

पण खारी हवा कुणाला सोडते? माझं लयीचं बटण गंजून अडकलं. मी सुसाट सुटलो, आवाजही घोगरा झाला. बुवा अभंगाची पहिली ओळ आळवत, तोवर माझा ताल चारदा संपलेला असे. "हेका पिसा लागला," म्हणत बुवांनी मला माळ्यावर कोकमाच्या बरणीशेजारी टाकलं. फार वाईट वाटलं.

तिथून मला काढलं बुवांच्या मुलीनं, गौरजानं. ती गिटार वाजवते. म्हणजे गिटारचा आवाज फाडायचा, त्यात लॅपटॉपमधली धडधड मिसळायची आणि वर ओरडून गायचं. मला चालू करताच ती आनंदानं किंचाळली. अशी बेभान लय, असा बसलेला घसा तिला हवाच होता. माझ्या दुखण्याचं प्रथमच कुणीतरी कौतुक केलं.

"ह्या कसला संगीत गो?" बुवांनी विचारलं.

"पंक, बाबा."

"पंक म्हणजे चिखल. चिखलात कमळ तरी उगवता. तुझ्यात काय उगवतला?"

"तुमी समोरच्या बुवाचे वाभाडे काढतास मां? तसाच ह्या."

त्या दिवसापासून बुवा दाराआडून ऐकू लागले.

गौरजाचा पहिला जाहीर कार्यक्रम गावच्याच किनाऱ्यावर ठरला. हा पडला तर पुन्हा गिटार हातात धरणार नाही, असं ती आईला म्हणाली होती. बुवांनी ते ऐकलं आणि त्यांची माया उतू गेली. तबला मी मंचावर आणतो, एवढंच लेकीला सांगून त्यांनी मला कार्यक्रमाच्या सकाळी कट्टा गावी, रेडिओ-दुरुस्तीवाल्या बाबलीच्या दुकानात नेलं. बाबलीनं गंज काढला, नवं बटण बसवलं, आवाज धुतल्यासारखा स्वच्छ केला. संध्याकाळी बुवांनी मला थेट मंचावर आणून ठेवलं आणि पहिल्या रांगेत ऐटीत बसले.

गौरजानं गिटार कडाडवली, मला चालू केलं. आणि मी? "धा धिं धिं धा." अगदी सोवळ्यात. शेवंतीकाकूंनी आरती समजून चपला काढल्या, हात जोडले. गौरजानं बटण टोकापर्यंत पिरगाळलं. मी सभ्यपणे जरा भरभर चाललो, एवढंच. तिचा चेहरा पांढरा पडला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुवा धावत मंचावर चढले. मला बंद करून लेकीला म्हणाले, "चेडवा, तुझो ताल मीच बिघडवलंय. तू गा!"

सुरुवातीच्या गणपतीच्या भजनासाठी बुवांचं मंडळ आलंच होतं. बुवांनी हाक मारली, म्हाताऱ्यांनी झांजा उचलल्या आणि गजराच्या शेवटी घेतात ती वादळी लय धरली. त्यावर गौरजा अशी ओरडली, तिनं गिटार अशी वाजवली, की शेवंतीकाकू अनवाणीच नाचल्या. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी बुवा मला घेऊन पुन्हा कट्ट्याला.

"बाबल्या, हेका होतो तसो बिघडवून दी."

बाबलीनं चष्मा कपाळावर चढवला. "बुवा, मी दुरुस्ती शिकलंय. बिघडवची ग्यारंटी माझ्याकडे नाय."

"माका ग्यारंटी नको. चेडवाक तो तसोच होयो."

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू जरूर सांभाळा. पुसा, झाका, दुरुस्तही करा. फक्त आधी, ती ज्याची आहे त्याला एकदा विचारा. आत्ता बाबलीनं मला उघडलंय आणि शेजारच्या हॉटेलातून मिठाचं पाणी मागवलंय. बुवा वाकून बघतायत, काळजीनं त्याला सांगतायत, "सावकाश रे, नीट बिघडव!"