दोन्ही डिस्क गेल्या म्हणे

शिवणवाल्या मास्तरीणबाई एकदा रागाच्या भरात बोलून गेल्या होत्या आणि आता तेच अंगाशी आलं. लेक रोज "आई, आता शिवण पुरे" म्हणून डोकं खायचा. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "हा संगणक बंद पडला, की मीही बंद करीन." वास्तू तथास्तु म्हणते म्हणतात, तशी ती म्हणाली.

बाई शिवायच्या ते कपडे दुकानात मिळत नाहीत. कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा हात कोपरापर्यंतच, कुणाचा एक पाय आखूड. अशा दोनशे अकरा माणसांची मापं आणि त्यावरून बेतलेले नमुने संगणकाच्या डिस्कमध्ये होते. बाईंनी त्याची दुसऱ्या डिस्कवर एक नक्कलही ठेवली होती. लेक त्याला हसायचा.

संगणकाला वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, जळाला. रविवारी सकाळी लेकाने नवा आणून अर्ध्या तासात बसवला. पडदा उजळला, संगणक सुरूही झाला, पण मापांच्या दोन्ही डिस्कचा पत्ता नव्हता. त्याने तीनदा बंद-चालू केलं, सेटिंगची यादी पाहिली आणि हात झटकले.

"आई, दोन्ही डिस्क गेल्या. जुना डबा जाताना त्यांना घेऊन गेला."

"दोन्ही? एकदम?"

"होतं तसं."

"कपाळ होतं तसं! कालपर्यंत चालत होत्या. तू हात लावलास आणि गेल्या."

"आई, हे माझं रोजचं काम आहे. आणि तू शब्द दिला होतास."

शब्दाची आठवण त्याने इतक्या पटकन काढली, की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चष्मा चढवला, खुर्ची ओढली आणि संगणकाच्या पेटीचं उघडं अंग आपल्याकडे वळवलं.

"हात नको घालूस, करंट लागेल."

"चाळीस वर्षं मोटारीच्या मशिनवर बसतेय. मला करंट शिकवू नकोस."

त्यांनी डिस्कवर दोन बोटं ठेवली. डिस्क चालू असली की बारीक थरथरते, हे त्यांना ठाऊक होतं. इथे काहीच नव्हतं. दुसरीवर ठेवली, तीही गार. पंखे मात्र गरगरत होते.

"अरे, या फिरतच नाहीयेत. वीजच धड पोचत नाहीये."

"वायर लावलीय ना, बघ की. घट्ट बसलीय."

बाईंनी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग डिस्कपासून वायर बोटांनी चाचपत डब्यापर्यंत गेल्या. वायर खरोखरच घट्ट बसली होती. पण तिच्यावर धूळ होती. डबा कोरा करकरीत आणि वायर धुळकट! त्या खाली वाकल्या. नव्या डब्याच्या खोक्यात वायरींची एक पिशवी होती, सील न फोडलेली.

"ही का नाही उघडलीस?"

"जुन्या वायरी आतून छान बांधलेल्या होत्या. कोण परत ओढत बसणार? टोक तेच आहे, बसली."

"बसली!" बाई कडाडल्या. "एका मशिनची बॉबिन दुसरीतही बसते रे. टाका धरते का? आतली जोडणी वेगळी असली तर?"

लेकाने खोक्यातला कागद उलगडला. जुनी वायर वापरू नका, असं ठळक अक्षरात छापलेलं होतं, वर चित्रात फुलीही मारली होती. त्याचं तोंड एवढंसं झालं. "आई, चुकीची वायर असेल तर... तर डिस्क खरंच जळल्या असतील."

दोनशे अकरा माणसं. पण बाईंचे हात थांबले नाहीत. कात्रीने पिशवी फोडली, जुन्या वायरी उपटल्या, नव्या लावल्या आणि बटण दाबलं.

पहिली डिस्क मेल्यासारखीच पडून राहिली. ती गेली होती, लेकाच्या घाईने गेली. मग दुसरीवर ठेवलेल्या बोटांना थरथर लागली. ती नक्कल होती. पडद्यावर नावांची यादी भराभर उतरली, एकूण एक.

लेक मान खाली घालून म्हणाला, "चुकलो. पण आई, संगणक बंद पडला होता हे तर खरं."

"पडला नव्हता, नुसता डबा जळला होता. तू पाडला होतास. माझा शब्द तुझ्या आळसासाठी नव्हता."

मग त्यांनी यादीतलं पहिलं नाव उघडलं. ते त्याचंच होतं. सातव्या वर्षी झाडावरून पडल्यापासून त्याचा डावा खांदा दीड इंच खाली होता. त्यानंतर आजतागायत त्याने विकतचा शर्ट घातला नव्हता. आत्ता अंगात होता तोही आईचाच.

"बंद करू?" बाईंनी माऊसवर बोट ठेवून विचारलं. "सांग. मग जा बाजारात आणि शोध तुझा शर्ट."

त्याने आईच्या हाताखालून माऊस हळूच बाजूला सरकवला. बाईंनी गळ्यातली टेप काढली.

"उभा राहा सरळ. पोट सुटलंय तुझं, माप बदलायला हवं."