स्थळासाठी दिलेला फोटो

आकांक्षाने बारावीचा एकही पेपर दिला नाही, हे रूपरावांना सिंदीच्या कापूस बाजारात, गाडीपाशी उभे असताना कळले. कॉलेजचे प्रभाकरराव सर बाजूला घेऊन म्हणाले, "रूपरावजी, पोरीची तब्येत बरी नाई का जी? परीक्षेले आलीच नाई."

रोज सकाळी तिच्या हातावर दही ठेवून त्यांनीच तिला पाठवले होते.

घरी रूपरावांची थोरली बहीण आनंदाबाई तांदूळ निवडत होती. आकांक्षा पोळ्या लाटत होती.

"कुठं जात होती वो रोज?" रूपरावांनी तिला विचारले.

"टेसनावर. बाकावर बसून राहत होती."

"काऊन?"

तिने पिठाच्या डब्यात दडवलेला घरचा मोबाइल काढला. त्यांच्याकडे पाठ फिरवून तिने एक घाण मेसेज वाचून दाखवला. दुसरा तिला वाचवेना. मग तिने फोटो दाखवला.

फोटो रूपरावांनी ओळखला. आईची जांभळी साडी नेसून स्टुडिओत काढलेला. बायको पोळ्याच्या सुमारास वारली. वर्षाच्या आत पोरीचे लग्न झाले नाही तर रिवाजाने तीन वर्षे थांबावे लागते, म्हणून आनंदाबाईच्या सांगण्यावरून त्यांनीच तो सोयऱ्यांत वाटला होता. मागे नाव, शिक्षण आणि या मोबाइलचा नंबर त्यांच्याच अक्षरात. कुण्या घरच्या पोराने तो मोबाइलवर उतरवून घेतला, खाली नंबर आणि घाण ओळ टाकली, आणि तो कॉलेजभर फिरला.

तेव्हापासून पोरगी जेवत नव्हती. फोन वाजला की दचकत होती. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या होत्या. आईच्या आठवणीने होते, असे रूपराव आल्यागेल्याला सांगत राहिले. तिला मात्र त्यांनी एकदाही विचारले नव्हते.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं त लगेच लगन लावून देलं असतं तुम्ही."



आनंदाबाई सूप आपटून म्हणाली, "हिनंच कोणाले नंबर देला असन. आता त उजवूनच टाक. अठरावं लागलंच हाये."

"नंबर म्या देला, बाई. लगन होत नाई आता. शिकू दे तिले."

"मंग बस, पोरीले लोणच्यासारखी मुरवत!"

रूपरावांनी मोबाइल फोडायला उचलला. आकांक्षाने हात धरला. "फोडू नका, बाबा. मंग पोलिसाले काय दाखवसान?"

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जमादाराने विचारले, "फोटो बाहेर कोणी देला?"

पोरगी शेजारी बसली होती. रूपराव खाली पाहून म्हणाले, "म्या. बापानं."

तक्रार लिहून झाली. मग त्यांनी घरोघर जाऊन फोटो परत मागितले. बहुतेकांनी दिले, काहींनी हसून दिले. तो पोरगा कोण, ते अजून कळलेले नाही. मोबाइलांतला फोटो अजून पुसला गेलेला नाही.