बाबांच्या तुकड्यातलं कोरं नाणं

"अगं बाई, याला तोंडच नाही!" आत्या किंचाळलीच.

वर्षाचा पहिला दिवस. आईने वासिलोपिता, म्हणजे आमचा ग्रीक नववर्षाचा केक, कापली होती. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, मग मारियामातेचा, मग घराचा, मग बाबांचा. केकमध्ये लपवलेलं नाणं ज्याच्या तुकड्यात येईल, वर्ष त्याचं. ते आलं बाबांना. वरचा चंदेरी कागद सोलला, तर आत नुसती पिवळी चकती. आकडा नाही, चित्र नाही, काहीच नाही.

आणि त्याच आठवड्यात बाबांचं हृदयाचं ऑपरेशन होतं.

"एवांथिया, चष्मा न लावताच गुंडाळलंस ना?" आत्या आईवर घसरली.

"पन्नास सेंट म्हणूनच घेतलं हो वन्सं! बेकरीवाल्याने दिलेल्या सुट्ट्यातलं..."

"माझं वर्षच पुसलंय," बाबा म्हणाले. "मी ऑपरेशनला जात नाही."

मी नाणं उचललं आणि दिव्याखाली धरलं. किती वर्षं मी बँकेतून नाण्यांच्या गुंडाळ्या आणून फोडतोय, असलं एक सापडावं म्हणून! इंटरनेटवर बघून बघून शिकलोय. आणि निघालं कुठे, तर केकमधून!

"बाबा, हे पुसलेलं नाही. ठसा बसायच्या आधीच निसटलंय."

"थापा मारू नकोस, स्ताथी."

"अहो, बघा तरी. कड उचललेली आहे, ती आधीच वळवून घेतात. पण कडेवरच्या खाचा नाहीत, त्या ठशाबरोबर पडतात. कोणी घासलं असतं तर वजन घटलं असतं."

आईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. आधी साधं पन्नास सेंट ठेवलं, मग हे. आकडा तोच.

"मग बाजारात आलं कसं?" बाबांनी विचारलं.

"ठशाच्या यंत्रातून तसंच घरंगळलं आणि बाकीच्यांबरोबर पिशवीत पडलं. पुढे मोजणारं यंत्र आकार बघतं, वजन बघतं. तोंड कोण बघतंय?"

बाबा बराच वेळ ते बोटांत फिरवत बसले. "बरं. जातो. पण हे माझ्याजवळ राहील."

ऑपरेशनच्या दिवशी नर्सने कपडे काढून घेतले, तेव्हा त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "सांभाळ. आलो की परत दे."

जीन्सच्या खिशात टाकलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघत बसलो. डोकं चालेना. उठून कॉफीच्या मशीनपाशी गेलो, खिशातले सुटे टाकले, बटण दाबलं. कॉफी आली. एक घोट घेतला आणि खिसा चाचपला.

नाही.

दुसऱ्या खिशात नाही. फरशीवर नाही. मशीनने गिळलं होतं ते! तोंड कोण बघतंय, हे मीच छाती फुगवून सांगितलं होतं. मशीनला लाथ घातली, गदागदा हलवलं.

"ओ दादा," सफाईवाली ओरडली, "दुसरी कॉफी हवी तर पैसे टाका की!"

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, "झालं. ठीक आहेत."

दुसऱ्या दिवशी बाबा बोलायला लागले. पहिला शब्द, "नाणं?"

"बाबा... मी त्याची कॉफी प्यायलो."

"अरे देवा!" आत्याने कपाळावर हात मारला.

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. "मशीनने घेतलं?"

"घेतलं."

"कॉफी दिली?"

"दिली."

त्यांना हसू आलं, टाके दुखले, एक शिवी हासडली. "गाढवा, म्हणजे खरंच होतं की! मला वाटलं, मला इथे आणायला थापा मारतोयस."