पाप ओळखणारी गिटार

रविवारची सकाळ, नवरात्राची चौथी माळ, आणि आमच्या सानपाड्याच्या सोसायटीतली दोनशे माणसं चपला काढून, हात जोडून माझ्या बेस गिटारपुढे उभी होती.

अकरा वर्षं मी ऑर्केस्ट्रात ही गिटार वाजवतोय. लग्नं, गरबा, गणपती, कंपन्यांची गॅदरिंगं, एक सीझन सोडला नाही. आजवर माझं कौतुक काय झालं? "चारच तारा? बाकीच्या तुटल्या का?" एवढंच. बेसवाला स्टेजवर मागे उभा राहतो, फोटोत अर्धा येतो आणि जेवायला शेवटी बसतो. आणि त्या रविवारी लोक माझ्या गिटारला हळद-कुंकू वाहायला निघाले होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण होत नव्हता, कारण गिटार जे काही चमत्कार करत होती ते का करतेय, हे मांडवात दोघांनाच कळत होतं. एक मी, आणि दुसरी माझी बायको वैशाली.

सगळं सुरू झालं नथीवरून. शनिवारी संध्याकाळच्या आरतीला कुणीतरी ओरडलं, "देवीच्या नाकात नथ नाही!" मोत्यांची, सोन्याच्या तारेतली नथ. एका रहिवाशाने नवस फेडायला दिलेली. शोधाशोध झाली म्हणावं तर ती पाच मिनिटं. मग लगेच सगळ्यांच्या नजरा वळल्या गोजराबाईकडे. गोजराबाई म्हणजे आमच्या सहाही बिल्डिंगी झाडणारी बाई. मूळची जालन्याकडची, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. रोज पहाटे मांडव तीच झाडायची.

"आवो, कालची साडी झटकून बगितली का?" ती तेव्हाच म्हणाली होती. "रोज सकाळी देवीची साडी बदलता ना तुमी?"

"गोजराबाई, तुम्ही मध्ये बोलू नका," आमचे चेअरमन चंद्रशेखर कुळकर्णी म्हणाले. ते बेलापूरला सरकारी कचेरीत साहेब. "उद्या महाराजांना बोलावलंय. ते चोर शोधतील. सापडला की पोलिसात. आणि काम तर बंदच."

एका सोसायटीत चोर ठरलेल्या बाईला पुढच्या दहा सोसायट्यांत कुणी झाडू हातात देत नाही. गोजराबाईला हे आमच्याहून चांगलं माहीत होतं. ती झाडू उचलून निघाली.

दुसऱ्या दिवशी स्पंदनानंद महाराज आले. सिल्कचा झब्बा, मनगटात तांब्याची सहा कडी. हे गृहस्थ चार वर्षांपूर्वी दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचे. माझ्या सासऱ्यांना एक विकला होता, तो आठवड्यात गळायला लागला. आता ते स्पंदनशास्त्र विकत होते, त्यात गळायला काही नव्हतं.

रात्री गरबा होता म्हणून आम्ही सकाळीच साउंड लावून ठेवला होता. माझी गिटार स्टँडवर, ॲम्प्लिफायर चालू, आणि स्पीकरमधून तिचा तो नेहमीचा आवाज चाललेला. हूंऽऽऽ.

"हा आवाज कसला?" महाराजांनी विचारलं आणि गिटार बाजूला सरकवायला हात घातला. हात पडला तो बटणांखालच्या स्टीलच्या पट्टीवर. आवाज एकदम खाली गेला. महाराजांनी हात उचलला. हूंऽऽऽ. ठेवला. गप्प. माणूस हुशार, हे मी मान्य करतो. मला सात महिन्यांत जे दिसलं नाही ते त्याने दोन मिनिटांत हेरलं. मग त्याने सहज केल्यासारखं कुळकर्णींचं बोट धरून तारांना लावलं, तर आवाज दुप्पट झाला. हूंऽऽऽऽऽ!

महाराजांचे डोळे चमकले. ते सिंहासनासारख्या खुर्चीवर बसले आणि सुरू झाले.

"माउलींनो! विश्व म्हणजे स्पंदन! अन्न स्पंदन, शब्द स्पंदन, श्वास स्पंदन! आणि पाप म्हणजे काय? बिघडलेलं स्पंदन! हे वाद्य साधं लाकूड नाही. हा अंतरात्म्याचा एक्सरे आहे! पापी हात लागला की ते आक्रोश करतं. शुद्ध हात लागला की..." त्यांनी पट्टीवर हात ठेवला. गिटार गप्प.

मांडवातून "आऽऽहा" असा सूर निघाला. एक्सरे म्हटल्यावर तर पुढच्या रांगेतले बँकवालेही माना डोलावू लागले. दोन वर्षांपूर्वी हेच लोक चमचे घेऊन गणपतीला दूध पाजायला गेले होते, आणि त्यातला निम्मा स्टाफ बँकेचा होता.

आता माझं ऐका, म्हणजे तुम्हालाही वैशालीसारखा माझा राग येईल.

सात महिन्यांपूर्वी मी लॅमिंग्टन रोडवरून नवे पिकअप आणले. तारांखाली ज्या चुंबकाच्या पट्ट्या असतात, तारेची थरथर पकडणाऱ्या, त्या. जुन्यांचा आवाज पातळ यायचा. मेकॅनिककडे कशाला जायचं? मी स्वतःच ओट्यावर गिटार आडवी टाकली, तारा सोडल्या, पिकअप उपसले आणि सोल्डरिंग सुरू केलं. घरभर राळेचा वास. वैशाली बॅटरी धरून उभी होती.

"अहो, ही काळी वायर कुठे जाते?" तिने विचारलं.

तारा खाली ज्या लोखंडी पत्र्याला अडकवतात ना, त्याच्याखालच्या भोकातून एक काळी वायर आत येत होती. नव्या पिकअपबरोबर आलेल्या कागदावर तिचा कुठेच उल्लेख नव्हता.

"कंपनीने उगाच ठेवलीय," मी म्हणालो. "तुला काय कळतं? बॅटरी सरळ धर."

ती वायर मी दुमडून आत कोंबली आणि झाकण लावलं. मग अख्ख्या ऑर्केस्ट्राला सांगत सुटलो, वायरिंग मी स्वतः केलंय, एक नंबर. गिटार हुंकारायला लागली तर मी ट्यूबलाइटला दोष दिला, ॲम्प्लिफायरला दिला, मांडवाच्या डेकोरेटरला दिला. आमच्या कीबोर्डवाल्याशी तर तीन दिवस बोललो नाही. माझ्या कामात चूक असणं मला शक्यच वाटत नव्हतं.

महाराजांचा हात पट्टीवर आणि कुळकर्णींचं बोट तारांवर पाहिलं, तेव्हा कुठे मला ती काळी वायर आठवली. तर अशी ही पाप ओळखणारी गिटार.

रांग पुढे सरकत होती. एकेक जण येई, तारांना बोट लावी, गिटार हुंकारे, आणि महाराज पापाची जात सांगत.

"हे जिभेचं पाप. माफ!"

"हे ऑफिसातलं पाप. देवीला पाच नारळ!"

"सासूला उलट बोलता? बोलता ना? पुढे चला!"

लोक खूश होते. आपलं पाप बारीकसारीक निघालं म्हणून जो तो हसत परतत होता. वैशालीने मला कोपराने ढोसलं. "ती काळी वायर," ती कानात म्हणाली. मी म्हणालो, "चालू दे गं. मजा चाललीय लोकांची." खरं म्हणजे मला लाज वाटत होती. ऑर्केस्ट्रातले सगळे तिथेच उभे होते.

मग महाराज म्हणाले, "आता ती मांडव झाडणारी बाई."

गोजराबाई पुढे यायला निघाली. चेअरमनच्या पत्नी सत्यभामाबाई म्हणाल्या, "गालिच्यावरून नको गं, पाय कसले ते! मागून ये." म्हणून गोजराबाई मांडवाच्या मागच्या बाजूने आली, जिथे रोषणाईच्या सगळ्या वायरी एकत्र बांधून खांबाला लटकावल्या होत्या. त्या जुडग्याला खेटून उभं राहून तिने हात लांबवला आणि तारांना लावला.

हूंऽऽऽऽऽऽऽऽऽ!

स्पीकरची जाळी थरथरली. एक लहान मूल रडायला लागलं.

"सापडली!" महाराज उभेच राहिले. "बघा, वाद्य किंचाळतंय! बाई, नथ कुठे आहे?"

"म्या न्हाई घेतली," गोजराबाई म्हणाली. तिने देवीकडे हात केला. "देवीच्या पायाची शपथ घेते, म्या न्हाई."

कुणी ओरडलं, पोलिसांना फोन करा. कुणी म्हणालं, तिची पिशवी बघा. दोघे जण पिशवी ओढायलाही लागले आणि तिचा डबा खाली पडून भाकरी मातीत गेली. ती भाकरी पाहिली आणि माझा मलाच मी असह्य झालो. मी स्टेजवर चढलो.

"थांबा! चूक माझी आहे!"

"नथ तुम्ही घेतलीत, विलास?" कुळकर्णींनी विचारलं.

"नथ नाही हो, वायर! मी वायर जोडायची विसरलो!"

कुणाला काही कळेना. मी सांगितलं, "आपल्या भोवती सगळीकडे विजेच्या वायरी आहेत. त्यांची घरघर हवेतून आपल्या अंगात उतरते. अंगाने ती तारांत, तारांतून गिटारमध्ये. माझ्या गिटारच्या तारांना अर्थिंग नाही, म्हणून ती आतच राहते आणि स्पीकरमधून ऐकू येते. यात पाप नाही, पुण्य नाही, फक्त माझा अर्धवटपणा आहे."

"अज्ञान!" महाराज म्हणाले. "मग या बाईच्या हाताला एवढा मोठा आवाज का?"

"कारण तुम्ही तिला गालिच्यावर येऊ दिलं नाही. त्या वायरींच्या जुडग्याला चिकटून उभं केलंत. कुळकर्णीसाहेब, जरा या इकडे. इथे उभे राहा, तिच्या जागी. आता लावा हात."

चेअरमननी हात लावला. हूंऽऽऽऽऽऽऽऽऽ! स्पीकरची जाळी पुन्हा थरथरली.

"अरे बापरे! चेअरमनच!" मागून आवाज आला आणि मांडवात हशा पिकला. कुळकर्णी लाल झाले आणि उडी मारून गालिच्यावर आले.

"आता महाराज, तुम्ही," मी म्हणालो. "पट्टीवर नको. त्या पट्टीला अर्थिंग आहे, तेवढं मी बरोबर जोडलंय. तारेवर हात लावा."

महाराज म्हणाले, "आज माझं हस्तमौन आहे."

हस्तमौन! दारोदार फिल्टर विकल्याशिवाय असा शब्द सुचत नाही. पण सत्यभामाबाईंची श्रद्धा दांडगी. त्या पुढे झाल्या, भक्तिभावाने महाराजांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, "महाराज, दाखवाच या नास्तिकाला!" आणि तो हात त्यांनीच तारांवर दाबला.

हूंऽऽऽऽऽ!

महाराजांनी डोळे मिटले. "माउलींनो," ते हळूच म्हणाले, "तुम्हा सर्वांचं पाप मी अंगावर घेतलं."

आणि काय सांगू, निम्म्या मांडवाने हात जोडले हो! मला वाटलं, आपण हरलो. मी धावत जाऊन साउंडवाल्याच्या पेटीतून सोल्डरिंगची गन आणली, गिटारची पिन काढली, पट्टीचे स्क्रू सोडले आणि ती दुमडलेली काळी वायर सगळ्यांपुढे बाहेर ओढली. वैशालीने न सांगता बॅटरी धरली. एक डाग दिला, वायर अर्थिंगला जोडली. पुन्हा पिन लावली.

"आता लावा हात. कुणीही."

साउंडवाल्याने लावला. आवाज एकदम खाली. कुळकर्णींनी लावला. गप्प. सत्यभामाबाईंनी लावला. गप्प. महाराज मात्र मांडवात नव्हते. त्यांच्या चपलाही नव्हत्या.

आता गंमत पाहा. लोक गिटारवर तुटून पडले. ज्यांची पापं मघाशी निघाली होती ते सगळे पुन्हा बोट लावायला आले, आणि गिटार गप्प राहिली की "बघा, माझं काही नव्हतंच!" म्हणत छाती फुगवून जाऊ लागले. मलाही जोर चढला. मी म्हणालो, "गोजराबाई, या. तुम्ही पण हात लावा. गालिच्यावरून या. सगळ्यांसमोर तुमच्यावरचा डाग जाऊ दे."

कुळकर्णीही मोठ्या मनाने म्हणाले, "हो हो, लावा बाई. आमची हरकत नाही."

गोजराबाई मातीतली भाकरी उचलून फडक्यात बांधत होती. ती जागची हलली नाही.

"म्या न्हाई लावनार."

"अहो, आता ती ओरडणार नाही. मी वायर जोडलीय."

"म्हनूनच न्हाई लावनार," ती म्हणाली. "मघाशी ती वरडली म्हनून म्या चोर. आता गप बसली म्हनून म्या साव? आन् उद्या तुमची वायर तुटली मंग? दादा, तुमच्या गिटारला इचारून म्या कशाला ठरवू, म्या कोन हाय ते? नथ हरवलीय ना? मंग नथ हुडका! काल सकाळी देवीच्या अंगावरनं जी साडी काढली, ती कुनी नेली? तिचा पदर झटका!"

मग सगळ्यांनी सत्यभामाबाईंकडे पाहिलं. रोजची उतरवलेली साडी त्यांच्याच कपाटात जायची, दसऱ्याला प्रसाद म्हणून वाटायला. त्या घरी गेल्या. दहा मिनिटांनी आल्या तेव्हा मूठ बंद होती. नथीची सोन्याची तार पदराच्या जरीत अडकली होती. साडी घाईने ओढून काढताना नाकातून निसटलेली.

कुळकर्णी माफी मागायला पुढे झाले, पण त्यांच्या तोंडून "गैरसमज" आणि "समितीच्या वतीने" असंच काहीबाही निघालं. गोजराबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाकरीचं बगा आदी." वैशालीने तिला घरी नेऊन जेवायला घातलं. मी पानं वाढली.

बाबांनो, बायांनो, हे मी माझी लाज बाजूला ठेवून लिहितोय, कारण महाराजांनी लोकांना फसवलं हे खरं असलं तरी त्यांना सामान मी पुरवलं होतं. मला माहीत होतं आणि मी मजा बघत बसलो. वस्तू हरवली तर ती शोधावी. आवाज आला तर तो कुठून येतो ते बघावं. आणि आपल्याला कारण ठाऊक असेल तर कुणाची भाकरी मातीत जायच्या आधी तोंड उघडावं.

हल्ली मी गिटार उघडतो तेव्हा वैशाली बॅटरी धरते. ती म्हणाली, "ही वायर कुठे जाते?" की मी गन खाली ठेवतो आणि आधी ते शोधतो.